नाचणीच्या फोटोचा हक्क

मला ऑनलाइन ज्ञानकोशात झळकायचं होतं, तर कशी जिरली ऐका. हिर्डोशीला आमच्या नाचणीत ऐटीत उभा राहिलो, सखूकाकूंनी माझ्या मोबाईलवर फोटो काढला, मी तो तिथं गावाच्या पानावर चढवला. लगेच उत्तर आलं, "फोटोवर हक्क काढणाऱ्याचा. त्यांची परवानगी आणा."

काकूंना समजावलं, फोटो कुणीही वापरेल, बदलेल, फक्त खाली तुमचं नाव राहील.

"बदलंल म्हंजी? तुला कापला तरी चालंल व्हय?"

"चालेल."

"मग देते की. नाचणी लई झ्याक आलीया त्यात."

आठवडाभरात कुणीतरी खरंच कापला. आता गावाच्या पानावर नाचणी आहे, खाली काकूंचं नाव आहे, आणि कडेला माझं कोपर.

काकू म्हणतात, "तेवढं कोपर बी काढाय सांग."