शेडसाठी घातलेलं जोतं

आयुष्यात एक काम मी नीट केलं यार, आणि त्याच कामाने माझी वाट लावली.

आमच्या नाहूरच्या सोसायटीची बाग मी बघतो. त्यामुळे कुदळ, फावडं, खताच्या गोणी, सगळं आमच्या गॅलरीत. बायको म्हणाली, "घरात एक तर ही कुदळ राहील, नाहीतर मी." मग बिल्डिंगच्या मागे पत्र्याची छोटी शेड बांधायची परवानगी काढली. जागा ओलसर. सासरे मालवणातले जुने गवंडी. म्हणाले, "जावयबापू, आधी जोता. घाई करूची नाय."

दोन रविवार खणलं, दगड-मुरूम भरून ठोकलं, वर काँक्रीट घातलं, आठवडाभर पाणी मारलं. जोतं असं झालं, एकदम सपाट आणि खडखडीत कोरडं! सासरेसुद्धा खूश.

शनिवारी पत्रे घेऊन गेलो, तर जोत्यावर साडी अंथरलेली आणि तिच्यावर पहिल्या मजल्याच्या काकू पापड घालत होत्या.

"काकू, आज शेड लावायचीय."

"लाव की रे. एवढे वाळू दे फक्त."

रविवारी दुसऱ्या मजल्याच्या कुरडया. सोमवारी तिसऱ्याचे सांडगे. पत्रे आपले भिंतीला टेकून उभे.

शेवटी वैतागून बायकोला म्हटलं, "आता तूच सांग त्यांना. तुझ्यासाठीच चाललंय ना हे?"

ती तरातरा खाली गेली. पाच मिनिटांनी खालूनच तिची हाक आली. मी कुदळ बाजूला सारून गॅलरीतून वाकलो.

"अरे, उद्याचा नंबर आपला लागला! साबुदाणा भिजत घाल!"