वरदाचं इसबगोल

लंडनमधल्या हॅरोच्या केमिस्टकडे रांगेत माझ्यापुढे एक जोडपं होतं. इथे मराठी कुणाला कळणार, अशा हिशेबानं दोघं मोकळेपणी बोलत होती.

"अगं, इसबगोल आहे माझ्याकडे. अर्धा डबा शिल्लक आहे."

"तो वरदाचा, जयंत. आपण आपला घेऊ."

"सगळं सारखंच असतं."

"असू दे. आणि काल जेवताना 'पाणी प्यायलास का' असा टेक्स्ट आला, तोही तिचाच ना?"

"त्यावर भरपूर पाणी प्यावं लागतं, म्हणून विचारते बिचारी."

"बिचारी! तुला मूळव्याध आहे हे ऑफिसातल्या बाईला आधी माहीत, आणि मला ते तुझ्या बॅगेतल्या डब्यावरून कळतं."

"मी नाही सांगितलं गं. मीटिंगमध्ये मी सारखा उभाच असायचो, त्यावरून तिनं ओळखलं. तिच्या बाबांनाही हाच त्रास होता."

"मग मला नसतं ओळखता आलं? घरी तर मजेत सोफ्यावर बसायचास."

"मजेत कसला! दुखायचंच."

"मग बसायचास कशाला?"

"तुला काळजी नको म्हणून."

रांग पुढे सरकली. बाई जागची हलली नाही.

"आजपासून घरीही उभा राहा."