मोरखडीच्या होळीचा अंगरखा

नाही, नाही, तसला अंगरखा माझ्या दुकानात नाही — कोणी सांगितलं तुम्हाला? छगन हॉटेलवाल्यानं? त्याच्या चहात दूध किती असतं ते आधी बघा आणि मग त्याच्या बोलण्यात खरं किती ते ठरवा. बसा ना, उभे का? तिकडे नको, त्या खुर्चीचा पाय मोडलाय, इकडे गादीवर बसा. तर तुम्हाला कपडा शिवायचाय — हे लोकरीचं सर्ज चांगलं आहे, मुंबईचं दिसतंय — आणि कसा, तर मोरखडीच्या राजेसाहेबांनी यंदा होळीला घातला होता तसा. आता मला सांगा, सर्जचा अंगरखा कोण शिवतं? आणि चैत्रात? तळोद्यात या दिवसांत माणसं अंगातला सदरासुद्धा काढून बसतात. मी काही म्हणत नाही, गिऱ्हाईक म्हणजे गिऱ्हाईक. पण एवढा वेळ झाला, तुम्ही शिलाईचा भाव विचारला नाहीत. पस्तीस वर्षं या ओट्यावर बसतोय, रमजान दर्जी म्हटलं की शहाद्यापर्यंत ओळखतात — पण भाव न विचारणारं गिऱ्हाईक आज पहिल्यांदा बघतोय.

हात जरा बाजूला करा. छाती — श्वास सोडा, मापाला उभं राहिलं की सगळेच पैलवान होतात — चौतीस. तुम्ही पुस्तकातलं बोलता म्हणून मीही जपून बोलतोय, नाहीतर बाजारात आमचं सगळं अहिराणीत चालतं. बोटाला शाई दिसतेय तुमच्या. कारकून का? सरकारी कचेरीतले? नाही? मग जामसिंगांकडचे असाल. अहो, रागावू नका, विचारलं नुसतं. परवा त्यांच्या दारात कोणाची तरी सायकल होती म्हणे, आणि तुमची बाहेर टेकवलेली आहे — आता सगळ्या सायकली काळ्याच असतात म्हणा. पण जामसिंग म्हणजे राजेसाहेबांचे सख्खे चुलतभाऊ, आणि त्यांनी सरकारात अर्ज घातलाय हे बाजारात सगळ्यांना ठाऊक आहे — राजा मेलाय किंवा मेल्यात जमा आहे, कुंवर पाच वर्षांचा, तेव्हा गादी मला द्या, नाहीतर सरकारनं ताब्यात घ्या. असल्या दिवसांत कोणी मोरखडीच्या अंगरख्याची चौकशी करायला लागलं, की माझ्यासारख्याला वाटणारच ना काहीतरी? राजेसाहेब होळीला आले होते. मी स्वतः पाहिलं. बस, एवढंच.

तुम्ही इकडचे नाही म्हणून सांगतो. डोंगरातल्या लोकांना राजाचा कारभार कसा चाललाय, दिवाण खातो की काय करतो, याचं फारसं पडलेलं नाही. त्यांचं एकच — आला का? दसऱ्याला घोड्यावर बसून आला का, पिराच्या उरसाला इथं चादर घालायला आला का, होळीला अनवाणी येऊन स्वतःच्या हातानं विस्तव दिला का? आला तर राजा, नाही आला तर घरात बसलेला एक माणूस. एका दसऱ्याला ताप होता म्हणून राजेसाहेबांनी नुसती तलवार पाठवली — पालखीत ठेवून, वाजतगाजत — तर लोकांनी तलवारीला नमस्कार केला आणि तोंडं पाडून घरी गेले. त्या साली गुरं मेली, त्याचं खापर आजतागायत त्या तलवारीवर फुटतंय. आणि होळीचं तर त्याहून कडक. मोरखडीची होळी पेटल्याशिवाय आसपासच्या एकाही पाड्याची होळी पेटत नाही. दोन-दोन दिवस चालून माणसं येतात, कमरेला घुंगरं, डोक्यावर मोरपिसं, ढोल चाललेले, आणि तांबडं फुटायच्या बेताला राजा येतो. त्या दिवशी त्यानं बोलायचं नाही, अशी रीत. धूर असतो म्हणून फेट्याचा शेमला नाका-तोंडावरून घेतलेला, कपाळावर राखेचे ठिपके, पायात काही नाही. विस्तव देतो, पाच फेरे घेतो, पुजारा पाया पडतो, झालं. वर्ष सुरू.

यंदा दिवाळीपासून राजेसाहेब कोणाला दिसले नव्हते, हे खरं. आधी वैद्य गेले, मग कुठले डॉक्टर गेले, मग कोणीच जाईना. पण होळीला आले ना? मग? — काय म्हणालात? सोंगाड्या? तमाशातला सोंगाड्या आणून उभा केला? असं जामसिंग म्हणतात, की तुम्ही म्हणता? तोंड सांभाळा, साहेब. चार पैशाला नाचणारा माणूस मोरखडीच्या होळीला विस्तव देईल आणि मी त्याला अंगरखा शिवीन? तो अंगरखा मन्हा हातना शे, समजनं? कोण्या सोंगाड्यासाठे मी सुई धरस नही. सोंगाड्या नव्हता तिथं. राणीसाहेब होत्या.

झालं. बोलून गेलो. आमची घरवाली बिबीजान म्हणतेच, तुमच्या जिभेला एक टाका घालायला हवा होता म्हणून. — नाही, उठू नका. बसा. आता अर्धं ऐकून गेलात तर राहिलेलं अर्धं जामसिंग आपल्या मनानं भरतील. त्यापेक्षा पुरतं ऐका, मग तुमचा देव तुम्हाला काय सांगेल ते करा. राजेसाहेब जिवंत आहेत. डावं अंग गेलंय, जीभ जड झालीय, पण माणसं ओळखतात, कुंवर जवळ बसला की डोळ्यांतून पाणी येतं. पावसाळ्यापर्यंत उठतील असं वैद्य म्हणतात — खरं-खोटं त्यांनाच ठाऊक. पण होळी काय वैद्यासाठी थांबते?

माघात जमनाबाई आली — राणीसाहेबांची जुनी बाई, माहेराहून बरोबर आलेली. म्हणाली, होळीचा अंगरखा शिवायचाय, राजेसाहेबांचा. आणि पदराखालून काढली दोरी. आता तुम्हाला काय कळणार, पण पडद्यातल्या बायकांचं माप आम्हाला दोरीवर येतं — पहिली गाठ खांद्याची, मग छातीची, मग कमरेची. राजेसाहेबांचं माप मी दरसाल स्वतः जाऊन घेतलंय. दोन वर्षांपूर्वी बादशहाच्या ज्युबिलीला धुळ्याला गेले, तेव्हाचा कोटही माझाच. त्यांचं माप दोरीवर कशाला येईल? मी गाठी बोटांखालून सरकवल्या आणि हात थांबला. खांदा चार बोटं आत. म्हटलं, बाई, राजेसाहेब फार वाळले का? तर म्हणाली, मियाँभाई, तुम्ही गाठींकडे बघा, माझ्या तोंडाकडे बघू नका. मग मी बघितलं नाही. विचारलंही नाही.

एकोणीस दिवस मागच्या खोलीत बसून शिवला. गडी माणसांना सुट्टी दिली, बिबीजानला सांगितलं दार लावून घे. किनखाबाला आतून कापसाची घडी घातली, खांद्याला जास्त, पाठीला पातळ — नुसता भरला असता तर उशी दिसली असती — टाचून टाचून त्याला हाड दिलं, हाड. बाही मनगटाखाली उतरवली. आणि घेराच्या कडेत कोळ्यांच्या जाळ्यातले शिशाचे मणी ओवले, कारण आगीपाशी वारा सुटतो, घेर उडाला की बाईची चाल कळते. हे कोणाला सुचलं असतं? सांगा ना. मुंबईच्या साहेबी दर्ज्याला सुचलं असतं? आणि एवढं करून ते कोणाला सांगता येत नाही, हे किती जड जातं तुम्हाला कळायचं नाही.

मग मी गेलो बघायला. गुडघे दुखतात, तरी बैलगाडीनं घाटापर्यंत आणि पुढे काठी टेकत. व्यापारी मंडळींत पुढे उभा राहिलो. राणीसाहेब घोड्यावरून उतरल्या आणि काय सांगू — मीच फसलो. तोच खांदा, तीच चाल, विस्तव घेताना तोच हात. एवढी हजारो माणसं आणि कोणाच्या डोळ्यांत शंका नाही. मी मनात म्हटलं, रमजान, तू राजा शिवलास. तेवढ्यात खात्या पुजारा पाया पडायला वाकला. आणि तिथं माझी चूक मला कळली. मी खांदे बघितले होते, छाती बघितली होती, मनगट बघितलं होतं. पाय बघितलेच नव्हते. दर्ज्याचं माप घोट्याशी संपतं. अनवाणी यायचं हे जन्मापासून माहीत, पण माझ्या डोक्यात पायच नाहीत.

बाईचे पाय, साहेब. आणि बोटांना पांढरे वळ, जोडवी काढल्याचे. नवरा जिवंत असताना जोडवी उतरवून आल्या होत्या त्या, त्याच नवऱ्याला लोकांत जिवंत ठेवायला. मला लांबून ते वळ दिसले नाहीत, ते नंतर कळलं. मला दिसला तो खात्या — वाकला आणि वाकलेलाच राहिला. म्हातारा माणूस, आजूबाजूला मशाली, आणि उठेना. मला वाटलं आता हा ओरडणार, आणि मग सगळ्यांच्या मानेवर सुरी. त्यानं काय केलं असेल? डोक्याचं फडकं सोडलं, त्या पायांवर पसरलं, नीट चहूकडून, आणि त्याच्यावर कपाळ टेकलं. मग फडकं तसंच पायांवर ठेवून उठला आणि म्हणाला, राजा आला. मागून सगळा डोंगर ओरडला.

आठ दिवसांनी तो बाजारात आला होता. माझ्या दुकानात कधी न चढणारा माणूस, या ओट्यावर येऊन बसला, पाणी प्यायला, इकडचं तिकडचं बोलला, महूची फुलं यंदा कशी गळतायत वगैरे. उठताना म्हणाला, "मियाँ, पुढच्या वर्षी पायांचंही बघ." आणि गेला. वळांचं मला त्यानंच खुणेनं सांगितलं, आपल्या पायाच्या बोटावरून बोट फिरवून. आता तुम्हीच हिशोब करा. त्याला दिसलं, तर मशाली धरणाऱ्यांना दिसलं नसेल? पुढच्या रांगेतल्या पन्नास माणसांना दिसलं नसेल? महिना होत आला, कोणी एक अक्षर बोललं? सगळ्यांनी जाऊन आपापली होळी पेटवली. बोलतायत फक्त जामसिंग, जे त्या दिवशी तिथं आलेच नव्हते.

वर काय बघताय? जुनी गाठोडी आहेत ती. गिऱ्हाइकांची, न्यायला न आलेल्यांची. — हो. असेल. आता लपवून काय उपयोग, तुमचे डोळे तिथून हलत नाहीयेत. होळीनंतर दुसऱ्याच आठवड्यात जमनाबाई तो अंगरखा परत घेऊन आली, हुकूम होता, उसवून टाक, धागा ठेवू नकोस. आणि मी मूर्ख, रोज रात्री काढतो, हात फिरवतो, परत ठेवतो. माझ्या हातून पुन्हा असं होणार नाही हो. डोळे गेलेत. — थांबा, मी काढतो, तुम्ही चढू नका. हा बघा. उजेडात या. ही शिवण दिसते का? नाही ना? तीच तर गंमत.

तो कागद खिशात ठेवा, मी अंगठा उठवणार नाही. मला मराठी वाचता येत नाही आणि साहेबाची भाषा तर नाहीच. काय म्हणता — अंगरखा साहेबांपुढे नुसता ठेवायचा? राजेसाहेबांच्या अंगावर घालून बघायचा, बसला तर बसला? फार गोड बोलता तुम्ही. खांद्याला बसणार नाही हे मीच आत्ता तुम्हाला सांगितलं. नाही बसला की सरकारचा माणूस मोरखडीत येऊन बसेल, कुंवर कुठं लांब शाळेत, आणि राणीसाहेबांचं काय करतील ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत. मला इनाम मिळेल, होय? बरं. बरं, बघा तुम्ही नीट. हे टोक धरा, दोन्ही हातांनी, ताणून — मोठं कापड आहे, असं धरल्याशिवाय पाठ दिसत नाही. आणखी ताणा. हां.

आता हात हलवू नका, कात्री लागेल. ही आमची कात्री पितळी मुठीची, किनखाब काय, घोंगडी कापते. ओरडू नका, बाजार जागा आहे, माणसं गोळा होतील, आणि मग तुम्हालाच सांगावं लागेल तुम्ही कोण. ही पाठ गेली. हा डावा खांदा — या एका खांद्याला सहा दिवस लागले होते मला. हा उजवा. रडतोय मी, हो, रडतोय, तुमचं काय जातं? आता चिंध्या आहेत. न्या हव्या तर, साहेबाला सांगा या राजाच्या चिंध्या. आणि मला बोलावलं तर मी येईन, कुराणावर हात ठेवायला लावाल तर मात्र मला आधी घरी जाऊन बिबीजानला विचारावं लागेल — नाही, नाही विचारणार. ठेवीन हात. माझं मी वर बघून घेईन.

तुमचं कापड उचला. माझ्याच्यानं तुमचं काही शिवून होणार नाही. आणि बाहेर पडताना तो पडदा खाली सोडा, आज दुकान बंद आहे.