गच्चीवरच्या राखेच्या पाण्याबाबत

नाव : साबेरा यूनुस परकार. वय : चोपन्न वर्षे. धंदा : घरकाम, तसेच दर शुक्रवारी मुलांना मराठी शिकवणे. राहणार : वादी कबीर, मस्कत. मूळ गाव हर्णै, तालुका दापोली, जिल्हा रत्नागिरी.

मी समक्ष हजर राहून सांगते की, वरील पत्त्यावर मी माझे पती यूनुस यांच्यासह राहते. मी मराठीत बोलत असून पोलीस ठाण्यातील दुभाषी मनाली सावंत ते उतरवून घेत आहेत. माझ्यावर कोणाचे दडपण नाही. उलट आज मला फार बरे वाटत आहे.

माझ्याकडे येणारी मुले आपसात इंग्रजी बोलतात. पुस्तक उघडले की त्यांना जांभया येतात, म्हणून मी हाताला काम देऊन शिकवते. या वेळचा धडा होता, इंग्रजांच्या काळात घरी साबण कसा करत. लढाईच्या वर्षांत विलायती साबण मिळेनासा झाला, तेव्हा माझ्या सासूबाईंच्या माहेरी राख, चुना आणि खोबरेल यांचा साबण होई. सासूबाईंनी मला तो शिकवला. इथे नारळाच्या झावळ्या कुठल्या, म्हणून आम्ही खजुराच्या जाळल्या.

बुडाला भोक पाडलेल्या मडक्यात खाली काथ्या आणि वर राख भरून पाणी ओतले. तांबूस पाणी थेंब थेंब बाटल्यांत उतरले. त्यात चुना घालून ते निवळू दिले आणि शुक्रवारी सकाळी गच्चीवर खोबरेलात शिजत ठेवले. विस्तवाजवळ मी स्वतः होते. मुले लांबून पाहत होती.

त्या वेळी आमच्या इमारतीत राहणारे, गॅरेजात मेकॅनिक असलेले दयानंद कदम कपडे वाळत घालायला वर आले. त्यांनी धूर पाहिला, मडके पाहिले, तांबूस पाण्याच्या बाटल्या पाहिल्या. मला एका शब्दाने विचारले नाही. खाली जाऊन पोलिसांना कळवले की भाभी पोरांना हाताशी धरून हातभट्टी लावतात. ओमानी शेजाऱ्यांनीही तेच मडके पाहिले होते. त्यांनी सलाम केला आणि ते गेले. मडक्यात दारू दिसायला माणूस आपल्याच मुलखातला लागतो.

पाच वक्त नमाज पढणाऱ्या बाईवर हा आळ. मला अतोनात संताप आला, तोही लिहून घ्यावा. गुन्हा ठरता तर आमचा इथला मुक्काम संपला असता. पण पोलीस जिना चढून आले तेव्हा माझ्या मनात एवढेच आले की, आता एकही आई आपले मूल माझ्याकडे पाठवणार नाही.

पोलिसांच्या साहेबांनी विस्तव विझवायला लावला. एकाने बाटली उचलून हुंगली. तेव्हा मुलांमधली सादिया पुढे झाली. ती दहा वर्षांची आहे आणि शाळेत अरबी शिकते. तिने सांगितले की हात लावू नका, भाजेल, हे राखेचे पाणी आहे. तिच्यामागून देवेश म्हणाला, "आंटी, मीठ राहिलं ना! थंड झालं तर सोप वर नाही येणार." सादियाने त्याचेही अरबी करून सांगितले. साहेबांनी पातेल्याकडे पाहिले, मुलांकडे पाहिले आणि म्हणाले, "यल्ला." म्हणजे, चला, करा.

मी मिठाचे पाणी ओतले. आधी काहीच झाले नाही. मग दूध फाटावे तसे दाणे धरले, दाणे वर आले आणि जाड थर जमला. खाली काळपट पाणी राहिले. मुले नाचायला लागली. "साबण आला! साबण आला!" सगळी एकदम आणि मराठीत ओरडत होती. कोणी शिकवले नव्हते.

पोलिसांमागून वर आलेले दयानंद गच्चीच्या दाराशी उभे होते. मी म्हटले, "दयानंदभाऊ, इकडे या. हात पुढे करा."

"भाभी, हे गॅरेजचं ग्रीस आहे. पावडरने पण जात नाय."

"हात."

वरचा थर पाण्यात खळबळून, कोमट गोळा मी त्यांच्या तळव्यावर ठेवला. फेस थोडाच झाला, पण काळे ओघळ मनगटापर्यंत उतरले. पाणी ओतल्यावर सगळ्यांसमक्ष ते हात स्वच्छ निघाले, नखांच्या कडांसकट. मग साहेबांनीही गोळा मागून घेऊन हात धुतले.

दयानंद म्हणाले, "चुकलं माझं, भाभी. गावची भट्टी अशीच असायची."

मी विचारले, "इतकं बारीक ठाऊक व्हायला कितीदा जायचात?" सादियाने याचे अरबी केले नाही. तरी साहेब हसले.

तक्रार नोंदली गेली होती, म्हणून हा जबाब द्यावा लागत आहे. माझी दयानंद यांच्याविरुद्ध काही तक्रार नाही. येत्या शुक्रवारपासून त्यांची मुलगी यशश्री माझ्याकडे येणार आहे. हे त्यांनी आपण होऊन विचारले.

मनाली यांनी वरील मजकूर मला मराठीत मोठ्याने वाचून दाखवला. पोलिसांनी नमुना म्हणून एक गोळा सोबत आणला होता; त्याच्या नोंदीत, ताब्यात घेतलेल्या वस्तूच्या जागी 'संशयित पदार्थ' असे लिहिले होते. ते मी खोडायला लावले. आता तिथे 'साबण' असे लिहिले आहे. म्हणून सगळे खरे व बरोबर आहे, आणि मी सही करते.