बस सुटली टोप्यांच्या गावी

हॅलो? … हॅलो, कोण? … हळू बोला हो, कोण आहे ते. पोरीचा आत्ता कुठं डोळा लागलाय.

… अहो! तुम्ही? … हो, मीच. दुसरी कोण असणार या घरात फोन उचलायला! … ओरडत नाहीये. ओरडायची सोय आहे का मला? नात पायावर आहे. तेल लावून झालं, आता न्हाऊ घालावं म्हटलं, तर बाईसाहेब पायावरच झोपल्या. हलायची चोरी. फोन हाताशी होता म्हणून, नाहीतर वाजून वाजून गेला असता.

वैभवी वर झोपलीय, रात्रभर जागी होती. आणि जावई, अजयराव, वरच्याच त्या छोट्या बॉक्सरूममध्ये, दार लावून. ऑफिसची मीटिंग चाललीय म्हणे, घरात बसून. मी इथं खाली, भिंतीला पाठ लावून, देवीसारखी स्थापन झालेय. … तुमचं सांगा. जेवलात? गोळी घेतली?

… हं. … कुठलं गाव? … उदबत्त्यांचं? अख्खं गाव उदबत्त्याच करतं? … लाल काड्यांच्या जुड्या अंगणभर… उमलल्यासारख्या पसरून… अगंबाई! म्हणजे आपण कुरडया वाळत घालतो तशा. … हं. आणि आता हे टोप्यांचं गाव. … माहितीय, टोकदार. भातलावणीला बाया इरलं घेतात, त्याचीच बहीण. … पानाला इस्त्री? काहीतरीच! … झाडाचं पान, तव्यावर? … चिंध्यांचा बोळा फिरवून सपाट करतात. बरं. आणि मग बांबूच्या कड्यांवर सुईनं शिवायचं. … बघा! इथं इंग्लंडात, लेकीकडं मेडनहेडला खिडकीत बसून कुढत होतात, रस्त्यानं माणूस दिसत नाही म्हणून. मी म्हटलं होतं की नाही, जा इथल्या मराठी मंडळाच्या त्या विमानाच्या सहलीला? गेलात तर बघायला मिळालं.

पण काय हो, हा आवाज लांबून का येतोय? तुमच्या खोलीतल्या योनाभाऊंच्या मोबाईलवरनं असा नाही येत. … दुकानातला फोन? कुठल्या दुकानातला? … टोप्यांच्या. बरं. आणि योनाभाऊ कुठायत? … बसमध्ये. आणि बस?

… बस कुठाय म्हटलं मी.

… "येईल" म्हणजे? … अहो, येईल म्हणजे गेलीय ना ती?

अरे देवा. … शू, शू, शू… झोप गं माझी बाय, झोप… नाही, तुम्हाला नाही म्हटलं. तुम्ही कसले झोपताय, तुम्ही मला उठवायला बसलाय! … अहो, संगमनेर डेपोत सगळी नोकरी झाली तुमची. लोकांना ढकलून ढकलून एसटीत चढवलंत. डबल बेल तुमची. आणि तुम्हालाच सोडून गेली बस? ऐकलं तर डेपोतले हसतील हो!

… मोजलं कसं नाही त्या गाइडनं? … टोप्या? … थांबा, नीट सांगा. सकाळी निघतानाच प्रत्येकाला टोपी दिली. … आणि तो माणसं नाही मोजत, पुढं उभा राहून टोप्या मोजतो. हुशार आहे मेला. … आणि तुमची टोपी कुठाय? … सीटच्या पाठीला अडकवली. का? … जागा धरायला!

अहो, धन्य आहे तुमची! जन्मभर लोकांचे रुमाल उचलून फेकलेत, "बसेल त्याची जागा" म्हणून भांडलात, आणि परदेशात जाऊन हे शिकलात? मग काय, दिसली त्याला टोपी, सोडली त्यानं गाडी. … योनाभाऊ पुढं बसतात, गाडी लागते त्यांना, डोळे मिटून. त्यांना काय कळणार. … आणि रुमालही टाकला? शेजारच्या सीटवर? … दोन जागा कशाला हो लागतात एका माणसाला?

… बरं, राहू दे. आधी हे सांगा, नंबर कसा मिळाला इथला? … बंडीच्या आतल्या खिशात! सापडला ना? आकडे लाल दोऱ्यानं शिवत होते तेव्हा हसत होतात. बाईनं दुसरीत शाळा सोडली आणि आता कापडावर अंक गिरवते म्हणून. हसा आता.

… नाही! अजयरावांना नाही सांगायचं. … अहो, ऐका ना माझं. त्या दिवशी तुम्ही कोपऱ्यावर दूध आणायला गेलात आणि पार दुसऱ्या गावी, स्लॉच्या बस डेपोत सापडलात, तेव्हापासून त्यांच्या डोक्यात डॉक्टर बसलाय. तपासून घेऊ, तपासून घेऊ. मी म्हटलं, तुमच्या इंग्लंडातली घरं सगळी एका साच्यातली, धडधाकट माणूस चुकेल. सहलीला एकटं नको म्हणाले, तर मीच भांडले. म्हटलं, माझा नवरा आहे, मी ओळखते. आता कुठल्या तोंडानं हाक मारू त्यांना? जावयाच्या घरात बसून? … पण योनाभाऊंचा नंबर त्यांच्याकडेच आहे, हेही खरं. गाइडचा कागद फ्रिजवर लावलाय, तोही इंग्रजी. आणि मी इथं अशी अडकलेली.

एक करा. दुकानात कोण आहे? … शिवणारी बाई आहे ना? तिला द्या फोन. … द्या हो! मी बघते काय बोलायचं ते.

… हॅलो. नमस्कार, बाई. … हो. … हो, हो. … तुमचं मला कळत नाही, माझं तुम्हाला. असू दे, आपल्याला कुठं सोयरीक जमवायचीय! हे बघा, ते म्हातारे गृहस्थ आहेत ना तुमच्यासमोर, ते माझे आहेत. माझे. त्यांना तिथंच बसवा. बस-वा. रस्त्यावर जाऊ देऊ नका. … आणि काहीतरी प्यायला द्या. … टी? हां! टी! येस, टी! साखर नको! … थँक्यू हं बाई. देव भलं करो तुमचं.

… आलात परत? बसलात का? … बघा, स्टूल दिलं ना! बाईचं बाईला बरोबर कळतं. आता तिथनं हलायचं नाही. बसवाल्यांच्या लक्षात येईलच, पुढच्या गावात उतरले की. …

… काय? … मी? … मी कुठं लवकर येऊ?

… कुठल्या दुकानात?

… अहो, काय बोलताय. मी… … मला शोधायला उतरलात?

… …

रुमाल माझ्यासाठी टाकला होतात.

… नाही. नाही हो, ऐका. मी तर मेडनहेडला… वैभवीच्या… अहो, आत्ताच तर सांगितलं ना तुम्हाला, नात पायावर… … नाही नाही नाही, घाबरू नका. असा आवाज नका करू. … कोण म्हणतं मी हरवले? मी कशी हरवेन! आहे. आहे ना मी. इथंच आहे. … हो, मागच्याच घरात. … टोप्या बघत बसले होते. ही बाई… ही पानाला इस्त्री करतेय, बोळा फिरवून. बघता बघता वेळेचं भान राहिलं नाही. चुकलं माझं. … येते ना. तुम्ही उठलात तर आपली चुकामूक होईल. बसा बघू. चहा घ्या. बसलात? … शहाणे माझे.

… थांबा हं एक मिनिट. फोन ठेवू नका, कानाला तसाच धरा.

अजयराव! … अहो अजयराव! खाली या! … मीटिंग राहू द्या तिकडं, या आधी!

… उठली. रडू दे. रड गं बाई, तूही रड.

या. हळू बोला, फोन चालू आहे, हे आहेत. … बरे आहेत. टोप्यांच्या गावी राहिलेत एकटे, बस पुढं गेली. योनाभाऊंना फोन लावा तुमच्या मोबाईलवरनं. म्हणावं, जिथं असाल तिथनं गाडी फिरवा. … नाही, नुसते चुकले नाहीत. मला शोधायला उतरलेत. … होय. मला. … असे बघू नका माझ्याकडं, नंबर लावा.

… हॅलो? आहे, आहे. कोणाशी नाही, त्या बाईशी बोलत होते. … दार दिसत नाही? पलीकडच्या गल्लीतनं आत येतं ते. तुम्हाला नाही सापडायचं, मीच येईन. … चहा कसा आहे? … कडू? मग गुमान प्या. कडू चांगला असतो तुम्हाला.

… काय, अजयराव? लागला? उठले योनाभाऊ? … वळवतोय गाइड? … किती लांब गेलेत? … फार नाही. बरं. सांगा त्यांना, दुकानाबाहेर सायकली लावल्यात म्हणतात हे, आणि दारात टोप्यांची चवड.

… हो, ऐकतेय ना मी. … बाळ? … हो, रडतंय बाळ.

… कोणाचं म्हणजे… त्या… त्या टोपीवाल्या बाईचं. … हो, तिचंच.

… …

अजयराव, तुम्ही जा ना जरा तिकडं. … नको, घेऊ नका तिला. राहू दे माझ्याकडंच.

अहो, ऐका. खोटं बोलले मी. हे बाळ त्या बाईचं नाही. आपलं आहे. … आपल्या वैभवीचं. मुलगी झाली तिला. … हो. खरंच. … आज नाही हो, झाले दिवस. तुम्ही बघितलंय तिला. मांडीवर घेतलंय. … नाही आठवत? … असू दे. असू दे हो. नाही आठवलं तर काय बिघडलं, ती कुठं पळून जातेय! … केस? भरपूर आहेत. नाक तुमचं, बसकं. काय करणार आता, नशीब तिचं. … हो, रडते की खणखणीत. ऐका, धरते तिच्याजवळ. … ऐकलंत?

… हसताय? … हसा. आणि रडताय कशाला मग? … पुसा डोळे, ती बाई घाबरेल.

… मी कुठं आहे? मी पोरीकडं आहे. लांब आहे. पण फोनवर आहे ना, आता सोडत नाही. … नाही, रागावले नाही. तुमच्यावर कधी रागावलेय मी! … बरं, बरं, रोज. पण आज नाही.

… आली? बस आली? … कोण उतरलं? … द्या, द्या त्यांना.

योनाभाऊ? … हां, मीच. … रडू नका हो, तुमची काय चूक. … तुम्हाला माहिती होतं? … रात्री उठून मला हाका मारतात खोलीत. … आणि तुम्ही काय करता? … "गेल्यात बाजारात, येतील" म्हणता. … आणि मला रोज फोनवर सांगत होतात, सगळं झकास आहे म्हणून. … नाही हो, दोष कसला देते. मी काय वेगळं करत होते? वर्षभर झाकतेय. दूध कपाटात ठेवलं, मी काढलं. चाव्या हरवल्या, माझ्या नावावर घेतल्या. लोकांपुढं मीच आधी बोलायचे, यांना उत्तर द्यायला लागू नये म्हणून. तेवढ्यावरनं मला तोंडाळ म्हणतात लोक. म्हणू देत.

आता एवढं करा, भाऊ. आजपासून त्यांना खरं सांगा. हाक मारली तर म्हणा, ती इंग्लंडात आहे, फोन लावून देतो. कितीही वाजलेले असू देत. आणि लंडनला विमानातनं उतरेपर्यंत हात सोडू नका. … लाज? कसली लाज? सगळ्या बसला सांगा. गाइडला पण सांगा. म्हणावं, टोप्या मोजू नको, आमच्या माणसाच्या तोंडाकडं बघ.

… ठेवते. चढवा त्यांना. … हो, खोलीवर पोचलात की लावून द्या, बोलीन त्यांच्याशी, आता नको. आता पोरीला उगी करते. ठेवते हं.

… अजयराव. तुम्ही म्हणाला होतात ना, ती डॉक्टरीणबाई. लावा तिला फोन. … आत्ता. हो, आत्ताच लावा, मी इथंच बसलेय. बोला तुम्ही इंग्रजीत, पण एकेक सांगते तसं सांगा. पहिल्यापासून सांगते.