रेषेपर्यंत समुद्र

श्यामराव : …अडतीस, एकोणचाळीस, आणि तू मला सांगतेस की नागपूरलाही तलाव आहेत! चाळीस. तलाव म्हणजे समुद्र का, सुचित्रा?

सुचित्रा : मी एवढंच म्हटलं की तिथेही मासे मिळतात. दांडा पूर्ण खाली न्या बाबा, अर्ध्यावरून परत येताय. बुडबुडे बारीक झाले.

श्यामराव : एवढ्या अंधारात तुला बुडबुडे दिसतात?

सुचित्रा : ऐकू येतात. मेणबत्ती काचेजवळ सरकवू का?

श्यामराव : नको, बडोबाबू बिचकतो. त्रेचाळीस. दिवे जाऊन किती वेळ झाला?

सुचित्रा : पाऊण तास. माझ्या मैत्रिणी सासऱ्यांचे पाय चेपतात. मी सासऱ्यांच्या माशांना सायकलच्या पंपानं श्वास देते. आईला पत्रात लिहिलं तर ती पुढच्या गाडीनं मला न्यायला येईल.

श्यामराव : लिही की. शिरोड्याहून कलकत्त्याला पोचेपर्यंत तिचा राग उतरेल. अठ्ठेचाळीस, एकोणपन्नास, पन्नास! घे, हात बदल. नळी सुटू देऊ नकोस.

सुचित्रा : धरली. एक, दोन, तीन… दसऱ्याला किती दिवस राहिले?

श्यामराव : अकरा. मोजू नकोस, हरशील.

सुचित्रा : मी कशाला हरते? पैज तुमची आणि श्रीकांतची, त्याची नागपूरला बदली झाली त्या दिवशीची. दसऱ्यापर्यंत दोन्ही मासे जगले तर तुम्ही इथेच भवानीपूरला एकटे राहणार. एक जरी गेला तरी मुकाट्यानं आमच्याबरोबर नागपूरला. सात, आठ.

श्यामराव : मुकाट्यानं असं ठरलेलं नाही. कुरकुरत यायची मुभा मी राखून ठेवलीय.

सुचित्रा : आणि आम्ही गेल्यावर दिवे गेले की पंप कोण मारणार?

श्यामराव : तोवर लोडशेडिंग संपेल. सरकारनं सांगितलंय.

सुचित्रा : सरकार मी लग्न होऊन आले तेव्हापासून सांगतंय. तेरा, चौदा. बाबा, खरं सांगा, हे खूळ तुमच्या डोक्यात आलं कुठून? इथे लोक घरात गोड्या पाण्यातले मासे ठेवतात. हातीबागानला रविवारी मिळतात, मडक्यात घालून घरी आणायचे, झालं. तुम्हाला खारंच पाणी का हवं?

श्यामराव : गोड्या पाण्यातले मासे काय, कोणीही ठेवतो. समोरच्या घोषबाबूंकडेसुद्धा आहेत. घोषबाबूंना जे जमतं ते मी निवृत्त झाल्यावर कशाला करू?

सुचित्रा : म्हणून दिघ्याहून बसच्या टपावर आठ कॅन समुद्र आणला.

श्यामराव : तीनदा. पहिल्या खेपेला कंडक्टर म्हणाला, केरोसीन आहे, उतरवा. मी झाकण उघडून त्याला घोटभर दिलं. तो थुंकला आणि मला पुढची सीट दिली.

सुचित्रा : चांगुलपणानं?

श्यामराव : वेड्या माणसाला कोणी मागे बसवत नाही. किती झाले?

सुचित्रा : तुम्ही बोलायला लावलंत, मोजणं चुकलं. तीस धरते. एकतीस. आणि मग दोन महिने नुसत्या पाण्यासमोर खुर्ची टाकून बसलात. शेजारणी विचारायच्या, तुमचे श्वशुरमोशाय काय बघतात? मी सांगायचे, वाळू.

श्यामराव : पाणी मुरावं लागतं. तू लोणचं घातल्या दिवशीच पानात वाढतेस का? मुरलं तेव्हा अंदमानच्या बोटीवरून प्रवाळाचा दगड आला, त्यावर समुद्रफूल आलं, आणि त्या फुलाच्या कुशीत हे दोघे. बडोबाबू आणि छोटोबाबू. खिदिरपूरच्या गोदीतून टॅक्सीनं आणले. मी मागच्या सीटवर बादली मांडीवर घेऊन. ड्रायव्हर म्हणाला, जावई आहेत का?

सुचित्रा : पन्नास. घ्या. पण जावयांचा चेहरा हल्ली उतरलाय.

श्यामराव : दिसतंय मला. एक, दोन. फूल मिटून सुपारीएवढं झालंय. पूर्वी कसं, बशीएवढं उघडायचं. बडोबाबू कोपऱ्यात पडून नुसता धापा टाकतो. पाच. काय कमी पडतंय तेच कळत नाही. खाणं वेळेवर, हवा वेळेवर, पाण्याची पातळी अगदी रेषेवर.

सुचित्रा : माझ्या नेलपॉलिशच्या रेषेवर.

श्यामराव : लाल रंग लांबून दिसतो. बजबजच्या डेपोत तीस वर्षं मी तेच केलं, सूनबाई. सकाळी टाकीत मापाची दांडी सोडायची, तेल कुठवर आलंय बघायचं. घट आली की तोच माल भरायचा. केरोसीनच्या टाकीत केरोसीन, डिझेलच्या टाकीत डिझेल. बारा. समुद्राच्या टाकीत समुद्र. रोज सकाळी दीड तांब्या घट येते आणि रोज सकाळी दीड तांब्या दिघा आत जातो.

सुचित्रा : आणि डेपोत कोणी पाणी घातलं तर?

श्यामराव : पाणी? पाणी घातलं म्हणून दोघांना मी घरी बसवलंय. त्यातला एक साहेबाचा मेहुणा होता! तूही तेच करतेस की. गवळ्याच्या चरवीत लॅक्टोमीटर बुडवून त्याला रोज जिन्यात उभा करतेस. अठरा, एकोणीस.

सुचित्रा : करत होते. मध्ये पाणी मोजायला म्हणून तुम्ही तो पळवलात, आठवडाभर दिला नाहीत. गवळ्याला कसं कळलं देव जाणे, दुधातून कपाच्या तळाचं फूल दिसायला लागलं.

श्यामराव : पण काय मापाचं यंत्र निघालं! दुधाला केलेलं, समुद्राला बसलं. बरोबर चोवीस. बोटीवरच्या मास्तरनं सांगितलं होतं, चोवीस आलं की समुद्र. बावीस, तेवीस… एकदा मोजलं, खात्री झाली, तुला परत दिला.

सुचित्रा : हं.

श्यामराव : हं काय?

सुचित्रा : काही नाही. दमलात तर द्या इकडे.

श्यामराव : पन्नासला देईन. नियम म्हणजे नियम.

सुचित्रा : बाबा, नागपूर एवढं का नको? आमच्यात काही कमी आहे?

श्यामराव : तुमच्यात काय कमी असणार? एकतीस. हे बघ, नागपूरला मी श्रीकांतचा बाप. बँकेच्या साहेबांचे वडील. पेपर वाचणार, औषध घेणार, कोणी आलं की आत जाऊन बसणार. इथे मी श्यामबाबू आहे. जन्मापासून. मासळीवाला माझ्याशी भांडतो. ट्रामचा कंडक्टर मला तिकिटाआधी प्रकृती विचारतो. भांडायला माणसं नाहीत तिथे मी काय करू?

सुचित्रा : माझ्याशी भांडा.

श्यामराव : तू चांगली भांडतेस. पण मासळीवाल्याची सर नाही. चाळीस.

सुचित्रा : मला भांडायला तुम्हीच शिकवलंत. आले तेव्हा बंगालीत मला ‘किती’सुद्धा म्हणता येत नव्हतं. तुम्ही रोज बाजारात नेऊन उभं करायचात आणि स्वतः खांबामागे लपायचात.

श्यामराव : लपलो नसतो तर तू माझ्याकडेच बघत बसली असतीस.

सुचित्रा : आता नागपूरला मी कोणाकडे बघू? श्रीकांत बँकेतून येतो, वर्तमानपत्र उघडतो, आणि वर्तमानपत्राच्या मागून ‘हं’ म्हणतो. दिवसाला तीन ‘हं’. सणासुदीला चार.

श्यामराव : तो आईवर गेलाय. शारदा दोनच म्हणायची. पन्नास. घे.

सुचित्रा : एक. दोन. तीन.

श्यामराव : गप्प का झालीस?

सुचित्रा : मोजतेय. सहा. बाबा, शिरोड्याला आमच्या घरामागे मिठागरं आहेत.

श्यामराव : माहीत आहे. लग्नात तुझ्या वडिलांनी आहेर म्हणून मिठाची गोण दिली होती. वर्षभर पुरली.

सुचित्रा : भरतीला समुद्राचं पाणी वाफ्यात घेतात. मग ऊन पडतं. दहा. पाणी उडून जातं.

श्यामराव : जाणारच.

सुचित्रा : आणि मीठ?

श्यामराव : मीठ कुठे जातंय? ते तिथेच.

सुचित्रा : मग वाफ्यात पुन्हा समुद्र सोडला तर?

श्यामराव : तर आधीचं मीठ आहेच, त्यात आणखी… पंप थांबवू नकोस.

सुचित्रा : नाही थांबवत. चौदा. पंधरा.

श्यामराव : म्हणजे रोज सकाळी दीड तांब्या…

सुचित्रा : सोळा.

श्यामराव : उडालं ते पाणी. घातलं ते मीठ. धुत्तेरी! म्हणजे एवढे महिने मी घरात मिठागर चालवतोय?

सुचित्रा : चौतीस आहे, बाबा. लॅक्टोमीटर चौतीसवर उभा राहतो.

श्यामराव : चौतीस! तू घातलास? कधी?

सुचित्रा : मागच्या सोमवारी. काचेच्या कडेला पांढरी खपली धरलेली दिसली. नखानं काढून जिभेला लावली. मग मोजलं.

श्यामराव : आज बुधवार.

सुचित्रा : हो.

श्यामराव : मागच्या सोमवारी म्हणजे, नऊ दिवस.

सुचित्रा : नऊ.

(सुचित्राचा हात वर गेला तो तिथेच राहतो. टाकीत एक शेवटचा बुडबुडा उठून फुटतो. मग श्यामराव तिच्या हातातून पंप काढून घेतात आणि तो पुन्हा चालू होतो.)

श्यामराव : सतरा. अठरा. एक मेला असता तर मी नागपूरला आलो असतो.

सुचित्रा : म्हणूनच.

श्यामराव : म्हणजे तू नऊ दिवस रोज माझ्याबरोबर पंप मारलास, आणि मनात…

सुचित्रा : मनात काय ते मला तरी कुठे कळत होतं? रोज रात्री मोरीत बादलीभर गोडं पाणी भरून ठेवायचे. नळाचा वास जावा म्हणून. म्हणायचे, सकाळी सांगू. सकाळ झाली की तुम्ही चहा घेताना म्हणायचात, एकटा राहीन, भात-आमटी येते मला. की मी जाऊन बादली ओतून द्यायचे.

श्यामराव : ती बादली! दोनदा मी त्यानं आंघोळ केली.

सुचित्रा : माहीत आहे. त्या दोन दिवशी मला बरं वाटलं. ओतावी लागली नाही.

श्यामराव : बावीस. तेवीस. आज का सांगितलंस मग?

सुचित्रा : तुमची धाप ऐकली. आणि बडोबाबूचीही बघितली. दोघांची सारखीच चाललीय.

श्यामराव : तुला सांगू? शारदा गेल्यापासून माझ्यासाठी कोणी काही वाईट केलं नव्हतं. सगळे चांगलंच वागतात. औषध घेतलंत का, शाल घेतलीत का. वैताग नुसता. आणि तू नऊ दिवस… सत्तावीस… मला पळवून न्यायला एवढी लबाडी!

सुचित्रा : रागवा ना.

श्यामराव : रागावतोय. पंप मारताना नीट रागावता येत नाही. आज भरलीयस का बादली?

सुचित्रा : भरलीय. काल रात्रीचीच, आज ओतली नाही.

श्यामराव : आण. पण एकदम नाही घालायचं ना?

सुचित्रा : एकदम घातलं तर आजच मरतील. आत्ता तांब्याभर खारं काढायचं, तांब्याभर गोडं सोडायचं, धारेनं. असं रोज सकाळ-संध्याकाळ. चोवीस येईपर्यंत. नंतर घट आली की नुसतं गोडं.

श्यामराव : नुसतं पाणी. आयुष्यभर पाणी घालणाऱ्यांना पकडलं, आणि आता स्वतः… ये, घाल. मी हवा चालू ठेवतो. त्या प्रवाळाच्या मागून सोड, फुलावर नको.

सुचित्रा : मेणबत्ती जरा वर धरायला हवी होती. दोन हात कमी पडतात.

श्रीकांत : अरे, दार उघडंच? कोण आहे अंधारात? सुचित्रा, टाकीत काय ओततेस?

सुचित्रा : पाणी.

श्रीकांत : आणि बाबा, तुम्ही ओतू देताय?

श्यामराव : हो. बूट काढ आणि मेणबत्ती धर. घरात मीठ फार झालं होतं. हिला कळलं.

श्रीकांत : हिला? कधी?

श्यामराव : आत्ता. पंप मारता मारता. शिरोड्याची पोर आहे, तिला नाही कळणार तर कोणाला?

सुचित्रा : बाबा…

श्यामराव : तू धार बघ. अडतीस, एकोणचाळीस.

श्रीकांत : म्हणजे हे जगणार आता?

सुचित्रा : बहुतेक. फूल उघडायला चार-सहा दिवस लागतील.

श्रीकांत : हं. मग दसऱ्याची वाट बघण्यात अर्थ नाही. तिकिटांचं उद्याच सांगावं लागेल, नाहीतर नागपूरची गाडी मिळायची नाही. बाबा, किती काढू? दोन की तीन?

श्यामराव : पैज काय होती?

श्रीकांत : पैज राहू द्या. तुम्ही सांगा.

श्यामराव : दोन.

श्रीकांत : हं.

सुचित्रा : झाला तांब्या. आणा बाबा, पंप इकडे द्या. तुमचे पन्नास कधीच होऊन गेले.

श्यामराव : राहू दे. एकट्यानं किती होतात ते बघू दे आज.