गाडीतली चिंबोरी

—नाही नाही, बस की रे खुर्चीवर, मोडत नाही ती, मी रोज बसते. आणि अरे-तुरे करते हां तुला, माझ्या नातवाएवढा तर आहेस. यशोधन वर गेलाय ना, वायर आणायला? गाडी चार्जिंग घेते हे तुला दाखवायला? येईल, येईल. वरच्या मजल्यावरच राहतो, पण त्याची बायको, लतिका, एक वस्तू जाग्यावर ठेवेल तर शपथ! तोवर बघ गाडी. बघ ना, कशी चकाचक— नवरीच! आवाज नाही, धूर नाही— म्हणजे चालताना नाही— म्हणजे कधीच नाही रे, मी आपली बोलते. घेऊन टाक. आजच्या आज घेऊन जा. मला कसली घाई? मला काय करायचंय? ही माझी खिडकी, आणि गाडीचं ढुंगण बरोब्बर माझ्या खिडकीला टेकलेलं, एवढंच. उजेड अडतो.

ही पोरगी तुझी? काय नाव— ओवी? अगो बाय, चढली पण मागच्या सीटवर! ती बटणं दाबू नको गो... तिला उतरवलीस तरी चालेल हां. नाही, सहज. गरम होतं आत.

काय म्हणालास? पाण्यात गेली होती का? यशोधनने सांगितलं असेल की— पावसात भिजली. दादरात राहून पावसात कोण भिजत नाही? मी भिजते, माझी छत्रीसुद्धा भिजते. मला पढवून ठेवलंय त्याने— म्हणजे सांगून ठेवलंय, आजी, गिऱ्हाईक आलं की तुमच्या मस्कऱ्या नकोत. कारण मागे एक बाई आलेली गाडी बघायला, मृणालिनी का कोण, गॉगलबिगल लावून. तिला मी हळूच म्हटलं, बाई, डिकीत हडळ राहते, केस विंचरून द्याल तिचे? पळाली ना! तेव्हापासून यशोधन मला लांबूनच हात जोडतो.

पण भिजली ना, त्याची गंमत सांगते तुला. मोबाईल पाण्यात पडला की लोक तांदळात घालतात की नाही? तर ह्या लतिकेने परातभर तांदूळ नेऊन ठेवले सीटवर. परात! मोटारीला! गाडी काय जेवायला आलीय? आणि मग त्याच तांदळाची खिचडी केली, वाया कशाला घालवा म्हणून. मला वाटी पाठवली— मी कावळ्याला घातली. कावळ्याने चोच लावली नाही.

आणि खरी मजा तर त्याच्या आधी. पाणी ओसरलं त्या संध्याकाळी कंपाउंडात ही एवढीशी चिंबोरी— खेकडा रे— पण नांग्या बघ, अशा! मी उचलली. मालवणची मी, मला कसली भीती! आणि नेऊन ठेवली ड्रायव्हरच्या सीटवर. यशोधन आला, दार उघडलं, बसला— आणि जो उडालाय, जो उडालाय, टाळकं वर आपटलं टप्पदिशी! मी खिडकीत हसून हसून मेले. हे पण हसले माझे, अर्ध्या तोंडाने का होईना—

काय?

चिंबोरी कुठून आली म्हणजे? बाजारातून. कुणाच्या तरी पिशवीतून निसटली असेल. असा काय बघतोस? बरं, गटारातून आली. गटार जातं समुद्राला, मग समुद्र— अरे देवा. जीभ झडो माझी. चिंबोरी काय ढगातून पडते, असंच ना तुझ्या मनात? हुशार आहेस. त्या गॉगलवालीला नसतं कळलं.

हो बाबा, हो. मोठी भरती होती, वरून पाऊस, चौपाटीकडचं पाणी गटारातून उलटं आत आलं. सीटपर्यंत. दुपारभर गाडी खाऱ्या पाण्यात उभी, म्हशीसारखी. मग गॅरेजवाला आला, माझ्या खिडकीखालीच बोलला, मला काय कान नाहीत? म्हणाला, साहेब, हिला चालू करू नका, चार्जिंग तर लावूच नका, भिंतीपासून लांब मोकळ्यावर न्या. ब्याटरीत मीठ गेलं की ती आतल्या आत कुजते. आज नाही पेटली तर पुढच्या आठवड्यात पेटेल, पुढच्या महिन्यात पेटेल. पाणी मारून विझवली तरी परत पेटते, म्हणाला. यशोधन म्हणाला, बघतो. बघितलं काय, तर धुतली, पुसली, फोटो काढून विकायला टाकली. आणि मोकळ्यावर न्यायची तर दादरात मोकळं आहे काय? शिवाजी पार्कात नेऊन ठेवू, पिचवर?

मी का गप्प बसले ते विचार. ये, खिडकीतून वाक जरा. ते बघ— कॉटवर. रमाकांत. माझा नवरा. उजवी बाजू गेलीय. हलवायचं तर चार माणसं लागतात, आणि ह्या वेळेला बिल्डिंगीत चार माणसं नसतात, सगळे कामावर. कालपासून मला वास येतोय— गोडसर, पोरी नखांना रंग लावतात ना, तसा. गाडीच्या पोटाखालून येतो, ब्याटरी तिथेच असते ना. सगळ्यांना सांगितलं मी. जिन्यात उभी राहून सांगितलं. तर हसतात मेले! म्हणे, आजी, हडळ नखं रंगवायला लागली वाटतं?

म्हणून म्हटलं, जाऊ दे. कोण तरी येईल, घेऊन जाईल, पेटायची ती त्याच्या दारात पेटेल. तू काय माझा लागतोस? पण तू ही पोरगी घेऊन आलास. कशाला आणलीस रे? एकटा आला असतास तर मी बोलले नसते. खरंच सांगते, नसते बोलले.

तू पण हसू नको. उतरव तिला. ओवी, उतर गो राणी, बाबाचा हात धर. दार राहू दे उघडं, हात लावू नको. फाटकाबाहेर जा, रस्त्यापलीकडे. आभार कसले मानतोस, जा म्हटलं ना!

—ए यशोधन! ती वायर खाली ठेव. अरे हो, गेलं गिऱ्हाईक, मी घालवलं, काय शिव्या द्यायच्या त्या दे. पण तू ती लावू नको. चांगली आहे हे मला दाखवायचंय? मला कशाला दाखवतोस? अरे, मस्करी नाही रे ही, ह्यांच्या गळ्याची शपथ. जरा वाकून वास तरी घे. हसतोस काय— यशोधन—

लावलीस?

अहो... जागे आहात का?